किचेनच्या छोट्या टॉर्चचा सेल सारखा संपतोय? नवीन घ्यायच्या आधी आत कुठला सेल पाहिजे ते बघा

गाडीच्या किल्लीला किंवा घराच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा छोटा एलईडी टॉर्च आपल्याकडं आता बऱ्याच जणांकडं असतोय आणि तक्रार पण सगळ्यांची एकच, नवीन सेल घातला की पहिले दोन दिवस झकास उजेड, मग मंद, मग बटण दाबून धरलं तरी काजव्याएवढंच काहीतरी दिसतंय. परत दुकान, परत सेल, परत तेच. लोक सरळ म्हणतात सेल डुप्लिकेट दिला. काही वेळा असतोही, पण बऱ्याच वेळा सेल चांगला असतोय, फक्त तो त्या टॉर्चचा नसतोय. दुकानात आपण टॉर्च पुढं करतो, दुकानदार दोन-तीन सेल लावून बघतो, एक बसतो, तो म्हणतो "बसतोय की मामा, हाच घ्या", आणि आपण घेऊन येतो. बसणं आणि चालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळा घोळ इथंच होतोय.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही, शेतात मोटर चालू करायला रात्रीची थ्री फेज आली की माणूस अंधारात बांधावरनं जातोय, त्यावेळी पायाखाली काय आहे ते दिसायला पाहिजे. मोबाईलचा टॉर्च आहे हो, पण धो धो पावसात मोबाईल बाहेर कोण काढणार.

तर आधी टॉर्च उघडा आणि आतला जुना सेल बाहेर काढून त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचा. चष्मा लागत असेल तर लावा, नाहीतर मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा. बिल्ल्यासारखा चपटा असेल तर त्याच्यावर सीआर२०३२, सीआर२०१६, सीआर२०२५ असं काहीतरी असणार. सीआर म्हणजे लिथियम आणि मँगनीज डायऑक्साइडचा गोल सेल, ३ व्होल्टचा, चार्ज न होणारा. पुढचे आकडे मापाचे आहेत, २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि शेवटचे दोन म्हणजे जाडी, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६, २५ म्हणजे २.५.

आता जाडीचा हिशोब बघा. दोन सीआर२०१६ एकावर एक ठेवले की जाडी होते बरोबर ३.२ मिलिमीटर, म्हणजे एका सीआर२०३२ एवढीच. पण व्होल्टेज होतंय ६. एकाच खाचेत दोन्ही प्रकार अगदी फिट बसतात आणि वरनं बघून काहीच कळत नाही. पांढरा, निळा किंवा हिरवा एलईडी पेटायला साधारण ३ व्होल्ट किंवा त्याच्या थोडं वर लागतात, त्यामुळं पांढऱ्या उजेडाच्या बऱ्याच किचेन टॉर्चमध्ये कंपनीनं दोन सीआर२०१६ घातलेले असतात. लाल किंवा पिवळ्या एलईडीला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, त्यात एकच सीआर२०३२ असतोय. आपल्याकडं दुकानात सीआर२०३२ कुठंही मिळतो कारण गाडीचा रिमोट, कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, वजनकाटा सगळ्यांना तोच लागतोय, सीआर२०१६ तेवढा खपत नाही. मग दोन पातळ सेलच्या जागी एक जाड सेल येतोय, टॉर्च एकदम नव्या सेलवर थोडाफार पेटतोय, आणि सेलचं व्होल्टेज जरा खाली आलं की एलईडीला पुरतच नाही. सेलमध्ये अजून बराच माल शिल्लक असतोय पण आपण तो फेकून देतो. दोन दिवसांत सेल संपला म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतंय.

उलटं केलं तर जास्त नुकसान. लाल एलईडीच्या ३ व्होल्टच्या टॉर्चमध्ये दोन सीआर२०१६ घातले तर ६ व्होल्ट जातात, मिनिटभर लई भारी उजेड आणि मग एलईडी कायमचा बाद. म्हणून जुना सेल हरवला असेल, झाकणावर पण काही छापलेलं नसेल, तर सुरुवात कमी व्होल्टनं करा, आधी एक सीआर२०३२ लावा. लाल-पिवळा असेल आणि व्यवस्थित पेटला तर तिथंच थांबा. पांढरा असेल आणि कोऱ्या सेलवर पण मरगळलेला उजेड येत असेल तर मग दोन सीआर२०१६ लावून बघा. दोन लावताना दोघांची अधिक बाजू एकाच दिशेला पाहिजे, एक जरी उलटा पडला तर दोघांचं मिळून शून्य होतंय आणि टॉर्च बंदच. आणि एक नवा एक जुना असं कधीच करू नका. जुना आधी रिकामा होतोय, नवा त्याच्यातनं जबरदस्तीनं करंट ढकलत राहतो, मग जुना फुगतो किंवा गळतो. दोन्ही एकदमच बदलायचे, एकाच पाकिटातले.

बरं, सेल बरोबर घातला तरी किती दिवस टिकणार, ह्याची पण अपेक्षा बरोबर पाहिजे. सीआर२०३२ वर सव्वादोनशे मिलिअँपिअर-अवर (किती मिलिअँपिअर करंट किती तास देईल त्याचा गुणाकार) अशी क्षमता धरतात, ती मोजलेली असते एकदम बारीक करंटवर, साधारण ०.२ मिलिअँपिअर, कारण हे सेल बनवलेच आहेत घड्याळासारख्या वर्षानुवर्षं चिमूटभर करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी. टॉर्च घेतोय २०-३० मिलिअँपिअर, म्हणजे शंभरपट. सीआर२०१६ ची क्षमता तर ९० च्या आसपास, आणि दोन एकावर एक ठेवले तरी व्होल्ट वाढतात, ही ९० तेवढीच राहते. म्हणजे हिशोबानं सगळा मिळून तीन-चार तासांचा उजेड आणि त्यातला पहिला थोडाच वेळ कडक, नंतर हळूहळू उतरत जाणार. किल्लीचं भोक शोधायला, मीटर बोर्ड बघायला, चपला शोधायला महिनोन् महिने पुरतोय, पण तोच टॉर्च पेटता ठेवून देवळापासनं मळ्यापर्यंत चालत गेलात तर आठवड्यात संपणारच, त्यात सेलचा दोष नाही.

कधी कधी रात्री मंद झालेला टॉर्च सकाळी परत कडक पेटतो आणि वाटतं सेल ठीक झाला. तसं काही नसतंय. जास्त करंट ओढला की सेलच्या आतला रोध आडवा येतोय आणि व्होल्टेज बसतंय, विश्रांती मिळाली की परत वर येतंय, दोन मिनिटं पेटवला की परत खाली. असं व्हायला लागलं की सेल शेवटाकडं आलाय समजा. स्वस्त टॉर्चमध्ये एलईडीला वेगळा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा छोटा भाग, घातलेलाच नसतोय, सेलचा आतला रोध हाच रेझिस्टर. म्हणूनच अशा टॉर्चला बाहेरनं चार पेन्सिल सेल जोडून "६ व्होल्टच आहेत की" म्हणून पेटवायला जाऊ नका, त्या सेलला आतला रोध फार कमी, एलईडी लगेच जातोय.

मल्टीमीटर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नुसता सेल मोजला की दमलेला सेल पण ३ व्होल्टच्या जवळ दाखवतो आणि आपण म्हणतो सेल बरा आहे, मग टॉर्चच बिघडला असणार. मोजायचा तर लोड देऊन मोजा, शंभर ओहमचा एक रेझिस्टर सेलच्या दोन बाजूंना दोन-तीन सेकंद टेकवा आणि तेवढ्यात आकडा बघा. चांगला सेल साधारण अडीच व्होल्टच्या वर राहतो, दमलेला दोनच्या आसपास येऊन बसतो. जास्त वेळ धरू नका, उगीच सेल रिकामा होईल.

सेल बरोबर आहे, नवा आहे, लोडवर पण चांगला आहे आणि तरी टॉर्च लुकलुकतोय, हलवला की पेटतोय, जोरात दाबला की पेटतोय, तर दुखणं कॉन्टॅक्टचं आहे. घाटाच्या कडेच्या गावांत जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत तिथं ह्या पत्र्यांवर थर चढणारच. पेन्सिलीच्या खोडरबरनं पत्रा आणि सेलच्या दोन्ही बाजू घासा, मग मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं मिळतं ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) कापसाला लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर लावू नका, जेलचा चिकटा मागं राहतोय. सेल हातात धरताना कडेनं धरा, अधिक आणि वजा बाजू एकदम चिमटीत धरली तर घामट बोटांचा थर बसतोच आणि धातूच्या चिमट्यानं धरलं तर सेल सरळ शॉर्ट होतोय. पत्र्याची जीभ बसली असेल तर टाचणीनं हलकेच वर उचला, एकदम थोडी, नाहीतर तुटते.

ह्यातच अजून एक प्रकार आहे. काही कंपन्या, उदाहरणार्थ ड्युरासेल, ह्या २० मिलिमीटरच्या सेलवर मुद्दाम कडू लेप लावतात, पोरानं तोंडात घातला तर थुंकावा म्हणून. लेप चांगल्या कामासाठी आहे, पण काही वस्तूंमध्ये पत्रा नेमका त्या लेपावरच टेकतो आणि करंट जात नाही, सेल कोरा आणि टॉर्च ठार बंद. अशा वेळी लेप खरवडत बसू नका, त्या टॉर्चला दुसऱ्या कंपनीचा बिनलेपाचा सेल वापरा आणि लेपाचा सेल वजनकाट्याला नाहीतर रिमोटला लावून बघा.

सेल न वापरता संपतोय असं वाटत असेल तर खिसा बघा. दाबून पेटायचा टॉर्च जुडग्यात किल्ल्यांमध्ये दबून तासन् तास पेटलेला राहतोय आणि उजेडात आपल्याला कळत नाही. बुडाला फिरवायचं झाकण असेल तर अर्धा आटा ढिला करून ठेवा, करंटच तुटतोय.

एकदम स्वस्तातले, जत्रेत मिळणारे लेझर आणि लाइट एकत्र असलेले जे टॉर्च असतात त्यात लिथियम नसतोच, त्यात तीन-चार बारके एलआर४१ किंवा एलआर४४ असतात, दीड व्होल्टचे अल्कलाइन, पाकिटावर एजी३ किंवा एजी१३ असं लिहिलेलं असतंय. ते गळतात, पांढरी पूड येते, तेवढं लक्षात ठेवा. त्यांच्या जागी लिथियमचा काही जुगाड करण्यात अर्थ नाही.

आता पेन्सिलसारख्या बारीक टॉर्चकडं येऊ, ज्यात एक एएए सेल बसतो, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधला. इथं माणसं लिथियम हा शब्द वाचून फसतात, कारण एएएच्या मापात तीन वेगवेगळे लिथियम मिळतात आणि तिघांचा स्वभाव वेगळा. एक, चार्ज न होणारा १.५ व्होल्टचा लिथियम, लिथियम आणि आयर्न डायसल्फाइडचा. हा कुठल्याही एएए टॉर्चला साधारण चालतो, अल्कलाइनपेक्षा हलका, गळायची भीती जवळजवळ नाही, वर्षानुवर्षं पडून राहिला तरी टिकतोय. महाग आहे, पण गाडीच्या डिकीत किंवा शेतघरात ठेवून द्यायच्या टॉर्चला मी हाच घालायला सांगतो. दुसरा, वरनं युएसबीनं चार्ज होणारा १.५ व्होल्टवाला. ह्याच्या पोटात ३.७ व्होल्टचा सेल आणि व्होल्टेज कमी करायचं सर्किट असतंय, म्हणून हा शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतो आणि संपला की खटकन बंद. चालता चालता टॉर्च एकदम विझतो आणि थोड्या वेळानं पण पेटत नाही अशी तक्रार असेल तर हाच सेल आहे का बघा, बिघाड नाही, त्याची चालच तशी आहे. रानात जाणाऱ्याला हा नको, आधी मंद होऊन सांगणारा सेल बरा.

तिसरा धोक्याचा, त्याचं नाव १०४४०. मापानं हुबेहूब एएए, पण ३.७ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाला की ४.२. ऑनलाइन "एएए साइज, जास्त पॉवर" म्हणून विकतात आणि तरुण पोरं घेतात, कारण उजेड खरंच दुप्पट-तिप्पट पडतोय. होतंय काय, एका एएएवर चालणाऱ्या टॉर्चमधलं सर्किट दीड व्होल्ट वर चढवून एलईडीला देत असतंय, त्याला वरनंच ४.२ दिले तर त्याच्या हातात काही राहत नाही, करंट सरळ एलईडीत घुसतो. टॉर्च हाताला चटका बसेल एवढा तापतोय, उजेड निळसर होतो, मग सर्किट जातंय. आणि हा सेल एवढासा, साडेतीनशे मिलिअँपिअर-अवरच्या आसपास, बऱ्याच वेळा आत संरक्षणाचं सर्किट नसलेला, त्याच्यावर पण ताण येतोय. काही टॉर्च १०४४० साठीच बनवलेले असतात, त्यांच्या माहितीपत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतंय. लिहिलं नसेल तर घालू नका. रोजच्या वापराला १.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड चार्जेबल सेल घ्या, उजेड पुरेसा पडतोय.

अशीच अदलाबदल बिल्ल्याच्या सेलमध्ये पण होते. एलआयआर२०३२ नावाचा चार्ज होणारा सेल मिळतोय, मापानं सीआर२०३२ सारखाच, पण पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट आणि क्षमता ४० मिलिअँपिअर-अवरच्या आसपास, म्हणजे एक पंचमांश. एलईडीवर ताण आणि टिकणार पण कमी. आणि त्याचा चार्जर घरात आहे म्हणून साधा सीआर२०३२ त्यात घालून चार्ज करायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, तो फुटू शकतो.

युएसबीचे आतच बॅटरी असलेले किचेन टॉर्च आता वाढलेत, त्यांची एक तक्रार सारखी येते, "नवीन आहे पण चार्जच होत नाही". टाइप-सी पोर्टचा असेल तर आधी केबल बदला. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल आणि मोबाईलचा फास्ट चार्जर लावला तर चार्जर आधी पलीकडं कोण आहे ते तपासतो, त्यासाठी वस्तूच्या आत ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर लागतात, स्वस्त टॉर्चमध्ये ते घातलेलेच नसतात, मग चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चपट्या युएसबी टोकाची केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावा, चार्ज व्हायला लागतोय. तरी पण होत नसेल आणि टॉर्च वर्षभर ड्रॉवरमध्ये पडला असेल तर आतली बॅटरी खोल उतरलेली असणार, तिला बाहेरनं वायर लावून जिवंत करायचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका. टॉर्चची शिवण उकललेली, पोट फुगलेलं दिसलं तर चार्जिंग तिथंच बंद. आणि एप्रिल-मे मध्ये गोकाक, अथणीकडं गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टॉर्च ठेवून जाऊ नका, ह्या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात आणि बंद गाडीत त्याच्या वर सहज जातंय.

आता पोरांचं. हे मात्र नीट वाचा, घरात लहान मूल असेल तर नक्कीच. २० मिलिमीटरचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, आणि ओल मिळाली की करंट चालू होऊन वजा बाजूला क्षार तयार होतो, तो आतली कातडी जाळतो. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. टॉर्चला मंद झालेला, "संपलेला" सेल पण हे करू शकतो, तेवढा दम त्यात असतोय. मूल रडेलच असं नाही, कधी नुसती लाळ गळते, खोकला येतो, खायला नको म्हणतंय. आपल्याकडं नाणं गिळलं की केळं चारायची पद्धत आहे, सेलला ते करू नका, ओकारी पण काढायची नाही. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जिथं एक्स-रे आणि दुर्बिणीनं सेल काढायची सोय आहे अशा मोठ्या दवाखान्यात न्या, खेड्यातनं बेळगावला यायचं असेल तर गावातच एक्स-रे मिळेपर्यंत वाट बघत बसू नका. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा, पण मध शोधायला एक मिनिट पण घालवायचं नाही. डॉक्टरांना सेल आहे हे ठासून सांगा आणि पाकीट किंवा तसलाच दुसरा सेल बरोबर न्या. एक्स-रेत तो नाण्यासारखाच दिसतोय, फक्त कडेला दुहेरी वर्तुळ असतंय. नाकात किंवा कानात घातलेला बारका सेल पण असाच जाळतो, तिथंही उशीर नको.

म्हणून ज्या टॉर्चच्या झाकणाला स्क्रू नाही, नखानं उघडतोय, तो मुलाच्या हातात खेळायला देऊच नका.

सेल विकत घेताना पाकिटातला घ्या, प्रत्येक सेलला वेगळा कप्पा असलेला, वर तारीख असलेला. डब्यात सुटे सेल एकमेकांवर खडखडत ठेवलेले असतात ते आपसात शॉर्ट होऊन आधीच अर्धे रिकामे झालेले असू शकतात. तुम्ही पण जादा सेल खिशात चिल्लर आणि किल्ल्यांबरोबर सुटा टाकू नका, पाकिटातच ठेवा. सांबऱ्याहून विमानानं जाणार असाल तर जादा सेल हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही.

वापरून झालेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप चिकटवा आणि एका प्लास्टिकच्या डबीत साठवा. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं हे घरच्या कचऱ्यात मिसळायचे नसतात, जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्याकडं द्यायचे. चुलीत, शेकोटीत, उसाचं पाचट पेटवताना त्यात हे टाकू नका, सेल चारी बाजूंनी बंद असतोय, तापला की फुटून उडतो. आणि पुढच्या वेळी दुकानात जाताना टॉर्च नेण्यापेक्षा जुन्या सेलचा फोटो आणि "दोन पाहिजेत का एक" एवढं लिहून न्या. सीआर२०१६ नाही म्हणाले तर त्याच्या जागी सीआर२०३२ घेऊन येऊ नका, घड्याळ दुरुस्तीवाल्याकडं विचारा, त्याच्याकडं असायची शक्यता जास्त.